सुशी म्हणजे कोण?

प्रभाकर गायकवाड गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी लातूरला राहत्या घरी वारला. वय एकोणसाठ. कारण हृदयविकाराचा झटका. मला हे नांदेडला सव्वाआठ वाजता त्याच्या मुलीच्या फोनवरून कळलं. तिने आधी माझं पूर्ण नाव घेतलं, मीच बोलतोय ना याची खात्री केली, आणि मगच बातमी सांगितली. ही सवय तिच्या वडिलांची. प्रभाकर आणि मी एका दैनिकाच्या लातूर कार्यालयात चार वर्षं शेजारी बसलो आणि त्यानंतर तीसएक वर्षं दर शनिवारी संध्याकाळी पाचला फोनवर बोलत राहिलो. त्याच्या मृत्यूआधीच्या शनिवारीही बोललो होतो. तो फोन मी दोन मिनिटांत संपवला. का संपवला, ते इथे क्रमाने लिहीत आहे.

प्रभाकर अहमदपूरचा. वडील मोंढ्यात हमाली करायचे. पोरगा भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाला, चांगल्या मार्कांनी झाला, आणि दुसरी नोकरी लागेपर्यंत म्हणून पेपरात आला. मी नांदेडचा, मास्तराचा मुलगा, लहानपणापासून पेपरातच जायचं ठरवून आलेला. बातमी मी त्याच्यापेक्षा बरी लिहायचो. हे त्या वेळच्या कार्यालयात सगळ्यांना मान्य होतं, त्यालाही. तरी गावातली माणसं दारात येऊन 'गायकवाड कुठं हायत' असंच विचारायची. माझं टेबल दाराजवळ होतं, त्यामुळे उत्तर मला द्यावं लागायचं.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरअखेरीस भूकंप झाला. तिसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं एका गावाबाहेरच्या छावणीत होतो. काम याद्यांचं. कोण मेलं, कोण दवाखान्यात, कोण सापडत नाही. प्रभाकरने पहिल्याच दिवशी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून टाकलं होतं : नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव. तिन्ही मिळाल्याशिवाय ओळ पुरी धरायची नाही. याद्या करायला डी.एड.च्या काही विद्यार्थिनीही आल्या होत्या. त्यांत सुशीला वट्टमवार होती. उमरीची, लातूरला थोरल्या बहिणीकडे राहून शिकणारी. तिचं अक्षर आमच्या दोघांपेक्षा चांगलं होतं आणि ती लोकांना दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायला कचरायची नाही. दुपारी ती बहिणीने दिलेला डबा उघडायची, भाकरी आणि ठेचा, आणि आधी प्रभाकरपुढे धरायची. छावणीत आम्ही एकत्र अकरा वेळा जेवलो. त्यांतल्या नऊ वेळा डबा आधी त्याच्यापुढे गेला. मी मोजत होतो, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी एक म्हातारा माझ्यापुढे बसला. घरातलं कोण सापडत नाही, असं मी विचारलं. त्याने दोन सुना सांगितल्या, एक नातू सांगितला, आणि म्हणाला, "आन् सुशी." मी लिहिलं : सुशी, वय माहीत नाही. यादी जीपने लातूरला गेली, दुसऱ्या दिवशी छापून आली. सकाळी प्रभाकर तो अंक घेऊन माझ्याकडे आला.

"अन्त्या, ही सुशी म्हणजे कोण?"

"त्यांची मुलगी असेल."

"असंल?" तो म्हणाला. एवढंच. आणि तो उठून म्हाताऱ्याकडे गेला.

सुशी म्हैस होती. म्हाताऱ्याला यात काही चुकलंय असं वाटलं नाही. "घरातलं कोण कोण न्हाई ते तुमी इचारलं," तो म्हणाला, "म्या सांगितलं." तिथे कुणी हसलं नाही. आम्ही परत येताना मात्र सुशीला म्हणाली, "काय हो पांगरीकर, माझं नाव जिल्हाभर बेपत्ता म्हणून छापलंत," आणि हसली. छावणीत आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, आणि ते हसू माझ्या चुकीवर होतं. दुरुस्ती प्रभाकरने लिहिली. त्या दिवसापासून तो तिला सुशी म्हणायला लागला. "ए सुशी, ती यादी दे." मी 'वट्टमवार मॅडम' म्हणत राहिलो. मला सुशी म्हणता आलं नाही. त्याला एका दिवसात आलं.

तिला लग्नाचं विचारायचं, असं मी ठरवलं होतं. पत्रही लिहिलं होतं. मी आधी प्रभाकर काय करतो ते बघत थांबलो, कारण तो विचारणार याची मला खात्री होती. त्याने विचारलं नाही. हिवाळ्यात ती उमरीला परत गेली, पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, आणि एका बँकेतल्या माणसाशी तिचं लग्न झालं. पत्रिका कार्यालयाच्या पत्त्यावर आली. पाकिटावर आम्हा दोघांची नावं होती, त्याचं वर, माझं खाली. ते पाकीट माझ्याकडे आहे.

मग प्रभाकरने पेपर सोडला आणि दोन खोल्या भाड्याने घेऊन फिजिक्सच्या शिकवण्या सुरू केल्या. पुढचं लातूरकरांना मी सांगायला नको. क्लासेस वाढले, गल्ल्यांच्या गल्ल्या वसतिगृहांच्या झाल्या, जून महिन्यात पेट्या आणि गाद्या घेऊन आलेल्या आई-बापांनी बसस्थानक भरायला लागलं. माझी बदली नांदेडला मुख्य अंकावर झाली. कामानिमित्त लातूरला जायचो, तेव्हा गावात शिरताना बसमधून त्याचा फोटो दिसायचा. दहा फुटी. गायकवाड सर, फिजिक्स. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझा फोटो एकदाच छापून आला, निवृत्तीच्या दिवशी, आतल्या पानावर. माझ्या मुलीला अकरावीला त्याच्याच क्लासला जायचं होतं. मी तिला नांदेडच्या क्लासमध्ये घातलं आणि कारण घरापासून लांब राहण्याचं सांगितलं. ते कारण खरं नव्हतं. प्रभाकर तेव्हा फोनवर म्हणाला होता, "पोरीला माझ्याकडं ठिवली असतीस, घरातच राहिली असती." मी म्हणालो, बघू.

एवढं सगळं असूनही शनिवारचा फोन चालू राहिला. तो कधीच काही मिरवायचा नाही, ही त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट होती. मिरवला असता तर मला सोयीचं झालं असतं.

पाच वर्षांपूर्वी त्याची बायको वारली. मुलगी डॉक्टर, वरच्या मजल्यावर राहते, शनिवारी संध्याकाळी तिचा दवाखाना असतो. तो शनिवारी एकटा असायचा, आणि त्यामुळे फोन लांबायचे. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी ते अचानक आटोपते झाले.

"काय करून राहिलास?" मी विचारलं.

"आवरून राहिलो. शनिवार हाय," तो म्हणाला. "आज सुशी."

मी म्हणालो, "बरं."

मी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांमधलं 'असेल' खोडलं आहे. कुठलंही टोपणनाव समोर आलं की वार्ताहराला उलट फोन लावून पूर्ण नाव विचारलं आहे. त्या दिवशी मी एक प्रश्न विचारायला हवा होता. तो प्रश्न त्यानेच मला शिकवला होता. मी विचारला नाही, कारण उत्तर मला माहीत आहे असं मला वाटलं.

पुढच्या शनिवारी तो म्हणाला, "पहिल्या दिवशी लई अवघडलो बघ. समोर बसलो, अन् हातातला घास निसटायला लागला. पोरीला सांगितलं न्हाई अजून. या वयात हे काय बाबा, म्हणंल." आवाजात एक हुरूप होता, तो मी त्र्याण्णवनंतर ऐकला नव्हता. त्याच्या पुढच्या शनिवारी त्याने मला बोलावलं. "तू ये की एकदा. सुशी न्हाई जमली तर ताई हाय." सुशीलाची थोरली बहीण लातूरलाच होती. तिच्याच घरी ती तेव्हा राहायची. माझ्या दृष्टीने ही दुसरी खातरजमा होती. तिसरी मी स्वतः केली. उमरीच्या आमच्या वार्ताहराला सहज म्हणून विचारलं. तो म्हणाला, वट्टमवार मॅडम निवृत्त झाल्या, मालक वारले, आता गावात राहत नाहीत. कुठे राहतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही. तो विधुर, ती विधवा, लातूर, शनिवार. बातमी पुरी झाली होती.

प्रभाकरने मला त्या दोन वर्षांत एकूण चार वेळा बोलावलं. चारही वेळा मी "बघतो" म्हणालो. संपादकीय विभागात लेखकाला 'बघतो' म्हटलं की लेख येणार नाही, हे दोघांनाही समजतं. अहमदपूरकडे 'बघतो' म्हणजे गाडी मिळाली की येतो. चार वर्षं शेजारी बसलेल्या माणसाच्या बोलण्यातला हा फरक मला माहीत होता.

चौथं बोलावणं त्या शेवटच्या फोनवरचं. "अन्त्या, पुढच्या शनिवारी तरी ये बाबा," तो म्हणाला. "सुशी आता लई दिवस राहायची न्हाई, म्हणतेत."

मला दोनच गोष्टी सुचल्या. ती आजारी आहे, किंवा लातूर सोडून जाणार आहे. दोन्हींपैकी काय, ते मी विचारलं नाही. ती बातमीही मला त्याच्याचकडून कळावी, याचा मला राग आला. "बघतो," मी म्हणालो. तो म्हणाला, "हाव, बघ." आणि मी फोन ठेवला.

मंगळवारी दुपारी मी लातूरला पोहोचलो. अंगणात विद्यार्थी खूप होते. काहींचे केस पांढरे झालेले होते. मी बायकांच्या घोळक्यात एक चेहरा शोधत होतो. तो तिथे नव्हता, आणि मला आधी जे वाटलं ते समाधान होतं. अंत्यविधी आटोपून परत आलो तेव्हा पस्तिशीचा एक माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुम्ही अनंत दिगंबर पांगरीकर ना? नांदेडचे?"

माझ्या वडिलांचं नाव याला कसं माहीत, ते मला कळलं नाही. मी हो म्हणालो.

"मी रोहन बिराजदार. सरांचा विद्यार्थी. शनिवारी सर माझ्याकडं यायचे ना, सुशीला."

'सुशीला' हा शब्द मी नाव म्हणून ऐकला. "तुम्ही सुशीलाबाईंचे कोण?" मी विचारलं.

तो गडबडला. "कोण सुशीलाबाई? माझं हॉटेल हाय काका. सर सुशी खायला यायचे."

तेव्हा मी दोन वर्षं राहिलेला प्रश्न विचारला. "सुशी म्हणजे कोण?"

रोहनने माझ्याकडे नीट बघितलं. चेष्टा करण्याची ती जागा नव्हती. "कोण न्हाई काका," तो हळूच म्हणाला. "भाताची असती. जपानी. न्हाई जमली तर थाई पण ठेवतो आपण."

थाई. ताई नव्हे.

त्या रात्री मी बहिणीच्या मुलाकडे थांबलो आणि बुधवारी नांदेडला परतलो. उमरीच्या वार्ताहराला पुन्हा फोन केला आणि या वेळी नीट विचारलं. त्याने एका तासात नंबर दिला. सुशीलाबाई नांदेडलाच मुलाकडे राहत होत्या, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, गेली तीन वर्षं. मी फोन लावून नाव सांगितलं. त्यांना आठवलं. प्रभाकरची बातमी त्यांनी पेपरात वाचली होती.

"तुमची भेट व्हायची का?" मी विचारलं.

"कुठली हो. छावणीनंतर एकदाही नाही."

"लातूरला तुमच्या बहिणी..."

"ताई जाऊन दहा वर्षं झाली."

मग मी असं काहीतरी म्हणालो की तो तुम्हाला सुशी म्हणायचा ते मला आठवतं. "मला ते कधी आवडलं नाही," त्या म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्याची म्हैस आठवायची. तुम्ही मॅडम म्हणायचा, ते बरं वाटायचं."

मी फोन ठेवला. हे मला त्याला सांगता येणार नव्हतं.

शनिवारी मी पुन्हा लातूरला गेलो. रोहनचं हॉटेल क्लासेसच्या मागच्या गल्लीत आहे. एका बाजूला मुलींचं वसतिगृह, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सचं दुकान आणि एक खानावळ. दारावर काळ्या लाकडी पाटीवर बारीक पांढऱ्या अक्षरांत नाव आहे, इतक्या बारीक की शोधावं लागतं. आत भिंती राखाडी, कागदी कंदिलांचा पिवळा उजेड, लाकडाची उघडी टेबलं, त्यावर कापड नाही. समोर काउंटर आणि त्याच्या पलीकडे रोहन स्वतः काळा एप्रन बांधून. मी गेलो तेव्हा एका टेबलावर वाढदिवस होता, आजी-आजोबांसकट. आजोबा दोन काड्यांनी पापड उचलायचा प्रयत्न करत होते आणि नातवंडं त्यांचा व्हिडिओ काढत होती. दुसरीकडे दोन तरुण प्राध्यापक वाडग्यातला रस्सा पीत होते. वीसेक माणसं बसतील एवढीच जागा. इतकं देखणं काही या गल्लीत असेल, असं मला वाटलं नव्हतं. आणि इथे प्रभाकर दोन वर्षं माझ्याशिवाय बसत होता.

"सरांची जागा," रोहन म्हणाला आणि मला काउंटरच्या कडेच्या टेबलाशी बसवलं. दोन खुर्च्या होत्या. त्याने न विचारता जेवण आणलं. समुद्री शेवाळाच्या काळ्या कागदात गुंडाळलेला आंबूस भात, आत काकडी, गाजर आणि पनीर, सुरळीच्या वडीएवढे आठ तुकडे. बाजूला आल्याच्या गुलाबी चकत्या आणि हिरव्या चटणीचा एक लहान गोळा. मी काडीने त्यातला अर्धा उचलला.

"काका, थांबा. ती चटणी न्हाई. वसाबी."

उशीर झाला होता. नाकातून थेट कपाळात गेलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. रोहनने पाणी पुढे केलं. "सरांनीबी पहिल्या दिवशी हेच केलं होतं. ठेचा समजून. मग म्हणले, आपला ठेचा पोटात जातो, हा डोक्यात जातो."

तो सांगत राहिला. निलंग्याचा मुलगा, वडिलांना डॉक्टर करायचा होता, प्रवेश परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा गेली. तिसऱ्यांदा नाव घालायला वडील आले तेव्हा गायकवाड सरांनी त्यांना बसवून घेतलं आणि म्हणाले, याला फिजिक्स येत न्हाई अन् येणार न्हाई, पण वसतिगृहात आजारी पोरांना हा खिचडी करून घालतो, ती मी खाल्ली हाय. हॉटेलच्या शिक्षणाला घाला. पुढे रोहन जहाजावरच्या स्वयंपाकघरात काम करून आला आणि त्याने ही जागा घेतली. पहिलं गिऱ्हाईक सर. त्यांना काड्या धरता यायच्या नाहीत. महिनाभर घास निसटत होता, पण चमचा मागितला नाही. नंतर इतके सरावले की नवीन आलेल्यांना शिकवायचे. "तरफेचा नियम म्हणून सांगायचे," रोहन म्हणाला, "टेकू कुठं, बल कुठं." यातलं मला काहीच माहीत नव्हतं. प्रभाकरने ते मला सांगायचा प्रयत्न केला असणार, दर शनिवारी पाचला... आणि मी 'बरं' म्हणून ठेवून दिलं असणार. रोहनला ते सगळं माहीत होतं. मला त्याचाही हेवा वाटला.

पाठोपाठ हिरवा थाई रस्सा आला, नारळाच्या दुधातला, गवती चहाचा वास असलेला, सोबत मोकळा भात. तो मला जमला. सुशीचे आठातले सहा तुकडे खाल्ले.

"सुशी फार दिवस राहणार नाही, असं तो म्हणाला होता," मी म्हणालो.

"पुढच्या महिन्यापासून बंद करून राहिलो, काका. थाई चालतं, सुशी कोणी घेत न्हाई. सरच होते घेणारे. म्हणून म्हणले, बंद व्हायच्या आधी एकदा आणतो मित्राला."

शनिवारी गर्दी असते म्हणून रोहन काउंटरवर डायरी ठेवतो. कुणासाठी, किती वाजता, किती जण. मी ती बघायला मागितली. त्याने माझ्यासमोर ठेवली आणि तो वाढदिवसाच्या टेबलाकडे गेला. मी दोन वर्षांची पानं उलटली. जवळपास प्रत्येक शनिवारी एकच नोंद : गायकवाड सर, साडेसात, एक. चार पानांवर ती वेगळी होती. त्या ओळी रोहनच्या अक्षरात नव्हत्या, प्रभाकरच्या होत्या. पहिल्या तीन तारखा मी माझ्या आठवणीशी ताडून पाहिल्या. मी 'बघतो' म्हणालो होतो, त्याच्या लगेच पुढचे ते शनिवार. त्या तिन्ही ओळींतला 'दोन' नंतर खोडून 'एक' केलेला आहे.

चौथी ओळ मी तिथे बसलो होतो त्याच शनिवारच्या पानावर होती आणि त्यात खाडाखोड नव्हती. ती अशी : गायकवाड सर, साडेसात, दोन. सोबत अनंत दिगंबर पांगरीकर, नांदेड.